मेसन-डिक्सन लाइनचे जुने दगड रोड ट्रिपवर कसे शोधायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत न्यू जर्सीहून गाडी काढायची, तीन दिवस हातात आहेत, सोबत दोन मुलं आणि भारतातून आलेले आई-बाबा, मेसन-डिक्सन लाइन म्हणजे मेरीलँडची पेनसिल्व्हेनिया आणि डेलावेअरशी असलेली हद्द, तिच्यावरचे वसाहतकाळातले हद्दीचे दगड बघायचेत, तर जीपीएस पॉइंट्सची लिस्ट मिळेल का आणि त्यातले कुठले खरंच सापडतात. मी बरीच वर्षं इथे लँड सर्व्हेच्या कामात आहे आणि हे दगड शोधणं हा माझा जुना नाद, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

पहिलं सांगतो ते हे की नुसती पॉइंट्सची लिस्ट घेऊन निघू नका. बहुतेक दगड खाजगी शेतात किंवा झाडीत आहेत, फोनचा जीपीएस झाडाखाली सहज पाच-दहा मीटर इकडेतिकडे दाखवतो, आणि कित्येक दगड इतके खचलेत की जमिनीवर वीतभरच डोकं दिसतं. पाच मीटरच्या वर्तुळात काटेरी झुडपं असतील तर त्यात वीतभर दगड शोधायला अर्धा दिवस जातो आणि मुलं वैतागतात. तुम्ही कुठल्या रेघेवर उभे आहात आणि ती रेघ कशी आखली हे माहीत असेल तर मात्र डोळा आपोआप योग्य जागी जातो, म्हणून आधी थोडा इतिहास वाचाच, तो या शोधाचाच भाग आहे.

भांडण दोन घराण्यांचं होतं. १६३२ मध्ये इंग्लंडच्या राजाने काल्व्हर्ट घराण्याला म्हणजे लॉर्ड बाल्टिमोरला मेरीलँड दिलं, उत्तरेची हद्द ४० अंश अक्षांश. पुढे १६८१ मध्ये दुसऱ्या राजाने विल्यम पेनला पेनसिल्व्हेनिया दिलं आणि त्यात लिहिलं की न्यू कॅसल गावाभोवती १२ मैलांचं वर्तुळ काढा, ते ४० अंशाला जिथे भेटेल तिथून पश्चिमेला जा. नकाशे चुकीचे होते, ते वर्तुळ ४० अंशापर्यंत पोचतच नाही, आणि बघायला गेलं तर फिलाडेल्फिया शहराचा मोठा भाग ४० अंशाच्या खाली येतो, म्हणजे काल्व्हर्टांचा दावा मान्य केला तर पेनची राजधानीच मेरीलँडमध्ये. १७३० च्या दशकात सस्क्वेहाना नदीच्या काठावर याच्यावरून मारामाऱ्या झाल्या, घरं जळली, लोक मेले, थॉमस क्रेसॅप नावाचा मेरीलँडचा माणूस १७३६ मध्ये पकडला गेला. शेवटी कोर्टकचेऱ्या होऊन ठरलं की फिलाडेल्फियाच्या दक्षिण टोकापासून १५ मैल दक्षिणेला जी पूर्व-पश्चिम रेघ येईल ती हद्द. हे ठरलं कागदावर, जमिनीवर उतरवणं स्थानिक मोजणीदारांना झेपेना, म्हणून १७६३ मध्ये इंग्लंडहून चार्ल्स मेसन आणि जेरेमाया डिक्सन या दोघांना बोलावलं. मेसन ग्रीनिचच्या वेधशाळेत काम केलेला खगोलवाला, डिक्सन सर्व्हेयर, दोघांनी १७६१ चं शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे शुक्राचं सूर्यासमोरून जाणं, आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरून मोजलेलं होतं.

आता दगडांबद्दल. हे दगड अमेरिकेतले नाहीत, इंग्लंडमधून जहाजाने आणलेले, पोर्टलँडचा चुनखडी दगड. साधारण फूटभर चौरस, साडेतीन ते पाच फूट लांब, वजन ३०० ते ६०० पौंड म्हणजे १३५ ते २७० किलो, वरचं टोक चारही बाजूंनी उतरतं. दर मैलाला एक, त्याच्या मेरीलँडकडच्या अंगावर एम आणि पेन घराण्याकडच्या अंगावर पी. दर पाचव्या मैलाला मात्र अक्षरांऐवजी दोन्ही घराण्यांची राजचिन्हं कोरलेली, त्यांना क्राउनस्टोन म्हणतात. मुलांना आधीच दाखवून ठेवा, काल्व्हर्टांचं चिन्ह ओळखायला मेरीलँडचा झेंडा बघायचा, तो त्याच घराण्याच्या चिन्हावरून घेतलाय, रस्त्यावर मेरीलँडच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरही दिसेल, आणि पेनच्या ढालीवर आडवा पट्टा आणि त्यात तीन गोल. एकदा हे डोक्यात बसलं की झिजलेल्या दगडावर नुसती गोलांची सावली दिसली तरी मुलंच ओरडतात की ही पेनची बाजू.

एक प्रश्न हमखास येतो की डेलावेअरच्या हद्दीवर डी का नाही. तेव्हा डेलावेअर वेगळं नव्हतं, ते पेनच्याच ताब्यातले खालचे तीन जिल्हे होते, म्हणून मेरीलँड-डेलावेअर हद्दीवर पश्चिमेला एम आणि पूर्वेला पी. दगडाचा पी पूर्वेकडे असेल तर तुम्ही उभ्या रेघेवर आहात, उत्तरेकडे असेल तर आडव्या रेघेवर. होकायंत्र काढून हे तपासायची सवय लावा, कारण काही दगड नंतरच्या काळात उखडून परत बसवलेत.

खरा की नकली हे दगडाच्या पोतावरून कळतं. पोर्टलँड दगड फिकट पांढरा-राखाडी असतो आणि जवळून बघितलं तर त्यात खसखशीसारखे बारीक गोल दाणे दिसतात, भिंग असेल तर फारच छान. आजूबाजूच्या शेतातला दगड तसा नसतो. नंतर बदली म्हणून बसवलेले ग्रॅनाइटचे किंवा सिमेंटचे खांब गुळगुळीत आणि काटकोनी असतात. चुनखडी असल्यामुळे अडीचशे वर्षांच्या पावसाने अक्षरं विरघळत आलीत, म्हणूनच दगडावर खडू, ब्रश, साबण, लिंबू-व्हिनेगर असलं काहीही लावू नका, कागद ठेवून पेन्सिलीने घासूनही नका. अक्षर वाचायचं असेल तर टॉर्च दगडाच्या अगदी कडेला धरून प्रकाश आडवा टाका, जे भर दुपारी दिसत नाही ते आडव्या उजेडात दिसतं. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी गेलात तर टॉर्चही लागत नाही.

रेघ कशी आखली ते थोडं समजून घ्या, कारण यातूनच शोधायची पद्धत निघते. फिलाडेल्फियाच्या दक्षिण टोकापासून सरळ १५ मैल खाली जावं तर नदी आडवी येते आणि पलीकडे न्यू जर्सी, म्हणून ते आधी ३१ मैल पश्चिमेला गेले, एम्ब्रीव्हिल इथे हार्लन नावाच्या शेतकऱ्याच्या मळ्यावर मुक्काम टाकला, तिथे तारे मोजले, एक दगड रोवला आणि मग तिथून १५ मैल दक्षिणेला उतरले. त्यांच्याकडे झेनिथ सेक्टर होता, डोक्यावरून जाणाऱ्या ताऱ्यांचा कोन मोजायचं सहा फुटी उपकरण, जॉन बर्डने बनवलेलं, ते हादरू नये म्हणून गाडीत पिसांच्या गादीवर ठेवून नेत. पृथ्वी गोल असल्यामुळे अक्षांशाची रेघ प्रत्यक्षात वाकडी असते, म्हणून ते दर दहा-बारा मैल सरळ रेघ मारत, तिथे थांबून रात्री रात्री तारे मोजत, आणि मग मागे येताना किती फूट उत्तर-दक्षिण सरकायचं ते काढून खुणा करत. जंगलातून आठ-नऊ यार्ड रुंदीचा पट्टा कुऱ्हाडीने साफ करत नेला. तो पट्टा आता दिसत नाही, पण हद्दीवर शेतं संपतात, कुंपण असतं, झाडांची ओळ असते, त्यामुळे सॅटेलाइट फोटोत पूर्व-पश्चिम सरळ गेलेली झाडांची रांग शोधा, दगड त्या रांगेत असायची शक्यता सगळ्यात जास्त.

मेसनने रोज लिहून ठेवलेली वही अमेरिकेच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आहे आणि छापूनही आलेली आहे. कुठल्या मैलाला कुठला ओढा ओलांडला, रस्ता कुठे लागला, घर कुठे होतं, सगळं मैल, साखळी, कडी अशा मापात. एक साखळी ६६ फूट, ८० साखळ्यांचा मैल, शंभर कड्यांची साखळी. आपल्याकडचा गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे याच साखळीच्या अर्ध्याचा चौरस, तुमच्या बाबांनी सातबारा बघितलेला असेल तर त्यांना हे माप लगेच ओळखीचं वाटेल. आता उपयोग असा की वहीत एखादा ओढा मैलाच्या पुढे २० साखळ्यांवर लिहिला असेल तर मैलाचा दगड त्या ओढ्याच्या १३२० फूट पूर्वेला शोधायचा. ओढे फारसे हलत नाहीत, रस्ते हलतात, म्हणून ओढा धरा. फक्त एक लक्षात ठेवा, वहीतलं अंतर पूर्वेच्या त्या खांबापासून मोजलंय जिथून त्यांनी पश्चिम रेघ सुरू केली, आणि दगडांचे मैल मेरीलँडच्या ईशान्य कोपऱ्यापासून, दोन्हीत सुमारे ३ मैलांचा फरक आहे. नवीन माणूस हमखास इथे अडकतो.

घरून निघायच्या आधी यूएसजीएस या सरकारी भूगर्भ खात्याचे जुने टोपो म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारे नकाशे डाउनलोड करा, त्यावर हद्दीवरचे काही दगड खुणेसह दाखवलेत. नॅशनल जिओडेटिक सर्व्हेच्या डेटाशीटमध्ये काही दगडांचं वर्णन मिळतं, रस्त्यापासून किती फूट, कुठल्या कुंपणाजवळ, हे वर्णन निव्वळ आकड्यांपेक्षा कितीतरी कामाचं. आणि काउंटीच्या वेबसाइटवर जमिनींचे प्लॉट दिसतात त्यावरून मालक कोण ते कळतं, कारण परवानगी लागणारच आहे. मेसन अँड डिक्सन लाइन प्रिझर्व्हेशन पार्टनरशिप नावाचा सर्व्हेयर लोकांचा गट या दगडांची नोंद ठेवतो, त्यांचं कामही बघा.

आता तुमच्या ट्रिपचं. माझं स्पष्ट मत, पन्नास दगडांच्या मागे लागू नका, पाच जागा नीट बघा, आणि आई-बाबा सोबत आहेत तर पश्चिमेची डोंगराळ रेघ या वेळी सोडा.

पहिल्या दिवशी डेलावेअर मेमोरियल ब्रिज ओलांडून न्यू कॅसलला जा. तिथलं जुनं कोर्टहाउस, त्याच्या घुमटाचा बिंदू म्हणजे त्या १२ मैली वर्तुळाचा मध्य, डेलावेअरची उत्तरेची गोल हद्द त्यावरूनच आलीय. आई-बाबांना चालायला सपाट, बसायला जागा, मुलांना नकाशावर कंपासने वर्तुळ काढून दाखवता येईल. तिथून एम्ब्रीव्हिल, स्टारगेझर्स स्टोन, म्हणजे १७६४ मध्ये तारे मोजताना रोवलेला तोच दगड, रस्त्याचं नावही स्टारगेझर रोड आहे, भोवती बुटकी दगडी भिंत आहे. दिसायला ओबडधोबड छोटासा दगड, पण पुढची सगळी रेघ याच्यावर टांगलेली आहे, त्यामुळे मी तरी कुणालाही आधी इथेच नेतो. वेळ उरला तर व्हाइट क्ले क्रीकच्या जंगलात आर्क कॉर्नरचा खांब आहे, १८९२ चा, तिथे गोल हद्द आणि सरळ हद्द भेटतात. या कोपऱ्यात जमिनीची एक पाचर उरली होती जी पेनसिल्व्हेनियाची की डेलावेअरची हे नीट ठरायला १९२१ उजाडलं. तिथे पायवाटेने चालावं लागतं, ओल्या पानांवर पाय घसरतो, आई-बाबांना गाडीत थांबवा.

दुसऱ्या दिवशी सरळ दक्षिणेला, डेलमार गावाच्या पश्चिमेला काही मैलांवर रूट ५४ च्या कडेलाच मिडल पॉइंट आहे. माझ्या मते या सगळ्या ट्रिपमधली ही सगळ्यात मोठी जागा. डेलावेअरचा नैऋत्य कोपरा, समुद्र आणि चेसापीक उपसागर यांच्या बरोबर मधला बिंदू, १७५०-५१ मध्ये स्थानिक मोजणीदारांनी आडवी रेघ मारून काढलेला, आणि तिथूनच मेसन-डिक्सनने ८० मैलांच्या वर उत्तरेला जाणारी रेघ सुरू केली जी त्या १२ मैली वर्तुळाला नुसती स्पर्श करून जायला हवी होती. त्या काळात, जंगल आणि दलदलीतून, हे गणित जमिनीवर उतरवणं काय असतं ते आम्हा या धंद्यातल्या लोकांना विचारा. इथे छपराखाली कुंपणाआड जुने दगड एकत्र ठेवलेत, त्यातला मेसन-डिक्सनचा कोपऱ्याचा दगड असा की दोन अंगांवर काल्व्हर्टांचं आणि दोन अंगांवर पेनचं चिन्ह. गाडीतून उतरलं की समोरच, आई-बाबांना काहीच त्रास नाही.

तिथून पूर्वेला गेलं की समुद्रावर फेनविक आयलंड, ओशन सिटीला लागूनच. दीपगृहाशेजारी १७५१ चा दगड आहे, त्या आडव्या रेघेचा पहिला, एका बाजूला काल्व्हर्ट, दुसऱ्या बाजूला पेन. दीपगृह त्याच्या शंभरेक वर्षं नंतर आलं. नोव्हेंबरात गर्दी नसते, हवा मात्र बोचरी असते, कानटोप्या घ्या.

तिसऱ्या दिवशी परत येताना मेरीलँड-डेलावेअर हद्दीला समांतर छोट्या रस्त्यांनी उत्तरेला या, हायवे टाळा. जिथे रस्ता हद्द ओलांडतो तिथे राज्याची पाटी असते, तिथे हळू व्हा आणि दोन्ही बाजूंच्या कडेला कुंपणाच्या रेघेत बघा. मक्याची कापणी झालेली असते, पानं गळलेली असतात, म्हणून याच महिन्यापासून मार्चपर्यंत दगड दिसतात, जुलैत उभ्या मक्यात हत्ती लपेल. गाडी शोल्डरवर नीट लावा, दिवे चालू ठेवा, रस्त्यावरून दिसेल तेवढंच बघा, शेतात शिरायचं असेल तर आधी त्या घराचं दार वाजवा. शेतकरी बहुतेक वेळा खूश होतात, कित्येकांना आजोबांपासून चालत आलेल्या गोष्टी माहीत असतात की कुठला दगड नांगराने सरकला आणि कुठला कुणाच्या घराची पायरी झाला होता. नाही म्हणाले तर वाद न घालता निघा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, तुमच्या तारखांमुळे. २०१९ पासून पेनसिल्व्हेनियात हरणांच्या शिकारीचा रायफल सीझन थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो आणि मेरीलँडमध्येही बंदुकीचा सीझन त्याच सुमाराला असतो. त्या दिवशी जंगलात पाय ठेवू नका, आर्क कॉर्नरची पायवाट गुरुवार-शुक्रवारीच उरका, आणि तरीही सगळ्यांना भडक नारिंगी जाकीट घाला, लहान मुलांना आधी. झाडाच्या बुंध्यावर पेनसिल्व्हेनियात जांभळा आणि मेरीलँडमध्ये निळा उभा पट्टा रंगवलेला दिसला तर त्याचा अर्थ आत यायला मनाई, पाटी नसली तरी. गोचिडी थंडीतही असतात आणि त्यांच्यामुळे लाइम रोग होतो, म्हणून पँट मोज्यात खोचा आणि रात्री मुलांच्या केसांत, काखेत, गुडघ्याच्या मागे बघा. पॉयझन आयव्हीची पानं गळली तरी वेल अंगाला लागली की पुरळ उठतेच, झाडावर चढलेल्या केसाळ वेलीला हात लावू नका.

पश्चिमेची रेघ पुढच्या मार्चमध्ये करा, आई-बाबा परत गेल्यावर. पेन-मार नावाच्या ठिकाणी अपालाचियन ट्रेल ही लांब पल्ल्याची पायवाट ही हद्द ओलांडते. हँकॉक गावाजवळ मेरीलँड इतकं अरुंद आहे की पोटोमॅक नदी आणि हद्द यांच्यात दोन मैलही नाहीत. मेसन-डिक्सनला १७६५ मध्ये हीच काळजी पडली होती की नदी रेघेच्या वर तर जात नाही ना, म्हणून ते नॉर्थ माउंटनवर चढून बघून आले. साइडलिंग हिल या डोंगराच्या पुढे इंग्लंडचे दगड नाहीत, तिथून गाड्या चढेनात, मग लाकडी खांब रोवून त्याभोवती मातीचे ढीग केले. ते ढीग जमिनीवर सहसा ओळखू येत नाहीत, पण लायडार म्हणजे विमानातून लेसरने मोजून केलेल्या नकाशात झाडं काढून टाकलेली जमीन दिसते, त्यावर रेघेत गोल उंचवटा दिसतोय का ते बघायचं, ही या शोधातली सगळ्यात कठीण आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे. डोंगरांच्या वस्तुमानाने ओळंबा किंचित ओढला जातो, त्यामुळेही रेघ काही ठिकाणी खऱ्या अक्षांशापासून शेकडो फूट सरकलीय, म्हणजे जीपीएसवर ३९ अंश ४३ मिनिटांची रेघ पकडून चालत गेलात तर दगड चुकणार.

रेघ संपते ती डंकार्ड क्रीकजवळ. ९ ऑक्टोबर १७६७ ला सोबतच्या सहा राष्ट्रांच्या म्हणजे इरोक्वॉय या मूळ रहिवासी लोकांनी सांगितलं की समोर आडवी आलेली त्यांची वाट ओलांडून पुढे यायचं नाही, आणि ते थांबले, सुरुवातीपासून सुमारे २३३ मैलांवर. ब्राउन्स हिल तिथेच. मुलांना ही बाजूही सांगा. मेसन-डिक्सन इथे आले त्याच्या पुढच्याच महिन्यात, डिसेंबर १७६३ मध्ये, लँकेस्टरजवळ निःशस्त्र कोनेस्टोगा या मूळ रहिवासी लोकांची कत्तल झाली होती, आणि १७६५ च्या जानेवारीत मेसन मुद्दाम ती जागा बघायला गेला. आणि पेनसिल्व्हेनियाने १७८० मध्ये टप्प्याटप्प्याने गुलामगिरी संपवण्याचा कायदा केल्यावर याच रेघेच्या दक्षिणेला गुलामी आणि उत्तरेला सुटका असं झालं, गुलामगिरीत असलेली हॅरिएट टबमन १८४९ मध्ये मेरीलँडमधून निसटून पेनसिल्व्हेनियात पोचली. दोन जमीनदारांच्या भांडणातून निघालेल्या रेघेला पुढे माणसांच्या आयुष्याचं वजन आलं, ते त्या एम आणि पी मध्ये कुठेच कोरलेलं नाही, म्हणून आपणच सांगायला हवं.

न्यू जर्सीतच राहता म्हणून एक जोडून देतो, प्रिन्स्टनजवळचा प्रोव्हिन्स लाइन रोड रोज वापरात असेल, तो पूर्व आणि पश्चिम जर्सी या दोन जुन्या वसाहतींच्या हद्दीवरून आलाय. ट्रिप रद्द झाली तर तिथून सुरुवात करा. आणि वॉशिंग्टनकडे गेलात तर डीसीच्या हद्दीचे दगड शोधायला फार सोपे, बरेचसे लोखंडी कुंपणात आहेत, पण ते १७९१-९२ चे, वसाहतकाळातले नाहीत.

शेवटचं, दगड पडलेला, तिरका झालेला किंवा नांगराने उखडलेला दिसला तर उभा करायला जाऊ नका, सरळही करू नका. हा दगड आजही दोन राज्यांची कायदेशीर हद्द दाखवतो आणि तो हलवणं गुन्हा आहे, शिवाय तो कुठे आणि कसा पडलाय यावरूनच मूळ जागा काढता येते. चारही बाजूंनी फोटो काढा, एक फोटो लांबून असा की मागचं झाड, कुंपण, रस्ता दिसेल, शेजारी टेप किंवा पाण्याची बाटली ठेवा म्हणजे आकार कळेल, फोनवरचं लोकेशन लिहून ठेवा, आणि मेरीलँड जिऑलॉजिकल सर्व्हेला किंवा वर सांगितलेल्या पार्टनरशिपला पाठवा. लोकेशन सगळीकडे उघड टाकू नका, क्राउनस्टोन चोरीलाही जातात.